आया घरच्याच

आमच्या घरमालक काकांकडे चहाचे कप दोन मापांचे होते. मोठे निळ्या फुलांचे, छोटे पांढरे. घरी कोणी मराठी माणूस आला की ते त्याला खुर्चीत बसवायचे आणि नाव, आडनाव, गाव झालं की सरळ वडील, आजोबा, पणजोबा अशी चढण सुरू करायचे. पणजोबांपर्यंत न अडखळता पोचणाऱ्याला मोठा कप. आजोबांपाशीच दम लागला तर छोटा. पुण्या-मुंबईची बरीच हुशार मंडळी त्या परीक्षेत नापास झालेली मी पाहिली आहेत. माझ्या नवऱ्याच्या घरी श्राद्धाला तीन पिढ्यांची नावं घेतात, ती त्याला पाठ होती, म्हणून त्याला पहिल्याच दिवशी मोठा कप मिळाला. मला त्यांनी फक्त "माहेर कुठलं?" एवढं विचारलं. नाशिक म्हटल्यावर "बरं" म्हणाले आणि छोटा कप पुढं सरकवला.

जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गच्या कालव्यापलीकडे एका खेड्यात त्यांचं दुमजली घर होतं. वर आम्ही भाड्यानं, खाली ते आणि त्यांची कुत्री मैना. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातून ते चाळीस वर्षांपूर्वी टूलमेकर म्हणून इथल्या गाड्यांच्या कारखान्यात आले आणि तिथूनच निवृत्त झाले. हाताची सवय मात्र निवृत्त झाली नव्हती. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी व्हर्निअर असायचा. मी भाकरी दिली की आधी तिची जाडी मोजायचे. "एका कडेला अर्धा मिलिमीटर जास्त आहे," असं सांगून मग तीच भाकरी मिटक्या मारत खायचे. कुठलंही काम पहिल्या पायरीपासून, एकही पायरी न गाळता करायचं हा त्यांचा धर्म. "क्रमानं जाऊ," हे पालुपद. मला त्याचा संताप यायचा. आमचा गळका नळ क्रमानं दुरुस्त व्हायला नऊ दिवस लागले, त्यातले सहा त्यांनी तळघरातल्या पाइपांचा नकाशा काढण्यात घालवले.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत फ्रेम करून लावलेली वंशावळ होती. भाऊबंदांनी गावाकडं फार वर्षांपूर्वी छापून घेतलेली, वर मूळ पुरुष आणि खाली उतरत सात पिढ्या. चौदा नावं, सगळे पुरुष. शेवटच्या ओळीत काका, आणि त्यांच्याखाली कोरा कागद. त्यांना एकच मुलगी, स्वाती. ती लहानपणी त्या फ्रेमखाली उभी राहून "वो बिन इश?", म्हणजे मी कुठंय, असं विचारायची, हे त्यांनीच मला हसत सांगितलं.

"मग काय सांगितलंत तिला?"

"म्हटलं, तू सासरच्या कागदावर येशील."

"अहो काका, सासरच्या कागदावरही नसतं हो आमचं नाव."

ते आणखी हसले. त्यांना ते विनोदी वाटलं, आणि खरं सांगायचं तर मीही विनोद म्हणूनच बोलले होते.

स्वाती हॅम्बुर्गला असायची. आम्ही राहायला आलो तेव्हा तिनं वडिलांशी बोलणं टाकून चार वर्षं झाली होती. काकू कॅन्सरनं गेल्या. शेवटचे आठ महिने स्वातीनं बिनपगारी रजा घेऊन आईचं सगळं केलं, आणि अंत्यविधीला काकांनी जतहून पुतण्याला विमानानं बोलावून घेतलं. ज्यानं काकूंना जन्मात दोनदा पाहिलं असेल त्यानं पिंड केले, आणि मुलगी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसून राहिली. काकांना यात आपलं काही चुकलं असं वाटत नव्हतं. पण ती येत नाही याचं दुःख मात्र होतं. दर रविवारी अकराला ते तिला फोन लावायचे. तो वाजून वाजून बंद पडायचा. मग ते मैनेचा पट्टा घेऊन बाहेर पडायचे.

मैना कारवानी होती. जत-सोलापूरच्या माळरानावर सशाच्या शिकारीसाठी पाळतात ती उंच, काटकुळी, लांब तोंडाची जात. गावाकडं काकांचे एक चुलते होते, नव्वदीला टेकलेले. त्यांच्या घरी ही कुत्री पिढ्यान्‌पिढ्या. त्यांच्याकडून काकांनी मैनेला रक्ततपासणी, चिप, विमान असं सगळं पार पाडून इथं आणलं होतं. जर्मन शेजाऱ्यांना ती उपाशी वाटायची. समोरच्या आजीबाई तिच्यासाठी कुंपणाशी सॉसेजची बशी ठेवायच्या, आणि एकदा तर कोणीतरी तक्रार केल्यावर सरकारी पशुवैद्यक घरी आले. काकांनी व्हर्निअर काढून त्यांना बरगड्यांमधली अंतरं मोजून दाखवली. ते बिचारे चहा पिऊन गेले, अर्थात छोट्या कपातून.

माणसांशी काका प्रमाण मराठी बोलायचे, मध्येमध्ये "गेनाऊ" (अगदी बरोबर) आणि "आल्झो" (तर मग) पेरत. मैनेशी मात्र अस्सल जतचं. "चल की गं बया, किती नखरं करायलीस!" संध्याकाळी पाचला कालव्याकाठी ते सायकलवर आणि ती शेजारून पळत. इथं वसंतात रानातल्या प्राण्यांच्या विणीचा काळ म्हणून कुत्री मोकळी सोडता येत नाहीत. ते तीन-साडेतीन महिने मैना शेतातले ससे बघून जागच्या जागी थरथरायची, आणि काकाही तिच्याबरोबर उदास असायचे.

मैना तीन वर्षांची झाली तेव्हा त्यांनी तिची पिल्लं घ्यायची ठरवलं. चुलते थकले होते, त्यांच्यामागं ही कुत्री सांभाळणारं कोणी नव्हतं. एकदा जिन्यात उभे राहून मला म्हणाले, "आमचं घराणं तर माझ्यापाशी थांबलं. हिचं तरी पुढं जाऊ दे." मला राग आला, कारण त्यांना एक धडधाकट मुलगी होती. पण पुढं ते हळूच म्हणाले की स्वातीला लहानपणी कुत्रं हवं होतं, काकूंना चालायचं नाही म्हणून राहून गेलं, तर एक पिल्लू तिच्यासाठी ठेवायचं. तेव्हा मला कळलं की हा सगळा खटाटोप कशासाठी आहे. पिल्लू घ्यायला ती दारात येईल, एवढीच त्या माणसाची आशा होती.

पण जर्मनीत जातिवंत कुत्र्याला कागद लागतात, पापीरे. कुत्र्यांच्या क्लबाच्या वहीत नोंद असेल तरच चांगल्या नराचा मालक दार उघडतो. आणि मैनेची जातच त्यांच्या वहीत नव्हती. काकांनी सहा ठिकाणी पत्रं पाठवली. पाच सभ्य नकार आले. सहाव्यांनी कळवलं की हॅनोव्हरजवळ प्रदर्शन आहे, तिथं आमच्या परीक्षक बाई कुत्रीला पाहतील. नवऱ्यानं गाडी काढली, मीही गेले.

बाई साठीच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांनी मैनेला चालवलं, पळवलं, पाठीवरून हात फिरवला, आणि त्यांचा चेहरा खुलला. "ही तर सालुकी आहे," त्या म्हणाल्या, "आखूड केसांची. अशी बिनकागदाची कुत्री वाळवंटी मुलखातून येतात, आम्ही त्यांना पारखून वहीत घेतो." सालुकी ही अरबस्तानाकडची नावाजलेली जात. बाईंनी फॉर्म काढला, त्यावर जातीचं नाव स्वतःच लिहिलं आणि पेन काकांपुढं केलं. त्या लबाडी करत नव्हत्या, त्यांना खरंच तसं वाटत होतं. काकांनी फक्त गप्प बसून सही करायची होती.

"नाइन, नाही," काका म्हणाले. "ही कारवानी."

"तुमच्याकडं वेगळ्या नावानं ओळखत असतील."

"नाव वेगळं नाही. कुत्रीच वेगळी."

आणि तिथं उभ्याउभ्या त्यांनी मैनेच्या बापापासून सुरुवात करून सात पिढ्यांचे नर तोंडपाठ म्हणून दाखवले, गावांसकट. उमदीचा राजा, संखचा वाघ्या, असे वर वर चढत गेले. मागं रांगेत उभी असलेली माणसं आणि कुत्री खोळंबली.

"हे कुठं लिहिलेलं आहे?" बाईंनी विचारलं. काकांनी आपल्या कपाळावर बोट ठेवलं. बाईंनी फॉर्म परत घेतला.

येताना नवरा म्हणाला, "काका, सही केली असती तर काय बिघडलं असतं?"

"दुसऱ्याचं नाव लावून लेकरं वाढवायची? असला खोटा कागद माझ्या घरात नको."

त्या दिवशी मला त्यांचा फार अभिमान वाटला. तो अजूनही वाटतो, पुढं एवढं सगळं होऊनसुद्धा.

नर शेवटी मिळाला तो न्युरेम्बर्गला. जतकडचाच एक तरुण इंजिनियर तिथं होता. काकांचं ऐकून त्यानंही त्याच चुलत्यांकडून एक कुत्रा आणला होता, बाजी नावाचा. काकांनी चुलत्यांना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि मला वही घेऊन बसवलं, कारण त्यांचा स्वतःचा हात आता लिहिताना कापायचा. चुलत्यांनी बाजीचा बाप, त्याचा बाप, असे सात बाप सांगितले. त्यातलं एकही नाव मैनेच्या यादीत नव्हतं, एकही गाव सारखं नव्हतं. काका खूश झाले.

"पण दोघं एकाच घरची ना?" मी विचारलं. "नातं नाही का लागत?"

"बाप वेगळा, आजा वेगळा. गोत्रच वेगळं म्हण की."

"आणि आया?"

"आया घरच्याच," ते अभिमानानं म्हणाले. "चुलते नर पाळतच नाहीत. कुत्र्या घरच्या आणि नर बाहेरगावचे. म्हणून तर रक्त एवढं चोख."

मी मान डोलावली आणि लिहीत राहिले. मी बारावीपर्यंत जीवशास्त्र शिकलेली बाई. त्या एका वाक्यात सगळं सांगून झालं होतं, आणि मी ओळ सरळ येतेय की नाही हे बघत बसले होते. ते मला आजही सलतं.

मार्चमधल्या एका सकाळी मैना व्याली. सहा पिल्लं झाली, एक पहिल्याच दिवशी गेलं, पाच जगली. क्लबाचा कागद नव्हता म्हणून काकांनी प्रत्येक पिल्लासाठी एक जाड पुठ्ठा कापला, कोपरे घासून गोल केले, आणि मी त्यावर दोन्हीकडचे सात-सात बाप देवनागरीत लिहिले. पिल्लं नेणाऱ्या जर्मनांना ते पुठ्ठे फार आवडले. स्वातीला काकांनी पिल्लाचा फोटो पाठवला आणि मागं जर्मनमध्ये एवढंच लिहिलं, "एक तुझं आहे."

ती आली. आठव्या आठवड्यात, शनिवारी दुपारी. मी जिन्यातून पाहत होते. दारात काका म्हणाले, "आलीस?" तिला मराठी कळायचं, पण बोलायची जर्मनच. "पिल्लासाठी आलेय," असं ती म्हणाली. काका बाजूला झाले. तिनं पाचातलं सगळ्यात शांत पिल्लू उचललं आणि त्याचं नाव ओटो ठेवलं. "जतच्या रक्ताचा ओटो!" काका कपाळाला हात लावून म्हणाले, पण त्या दिवशी त्यांनी मला न मागता चार वेळा चहा पाजला.

त्यानंतर रविवारचा फोन उचलला जाऊ लागला. बोलणं फक्त ओटोचं. "किती खाल्लं? गेनाऊ. दात पडायला लागले? आल्झो, हाड देऊ नकोस." दहा मिनिटं, फार तर बारा. आईचा विषय नाही, झाल्या गेल्याचा नाही. मला वरून ऐकू यायचं, आणि मी आपली भांडी आवाज न करता घासायचे. त्यांच्या त्या वयातलं सगळ्यात चांगलं वर्ष तेच.

डिसेंबरात फोन तिनं केला, तोही बुधवारी. ओटो संध्याकाळच्या उजेडात खुर्च्यांवर आपटायला लागला होता. फेकलेला चेंडू त्याला दिसायचा नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की पडद्याचा आजार आहे, रक्तातूनच आलेला, याला उपाय नाही. त्यांनी वंशावळ मागितली. स्वातीनं पुठ्ठा दाखवला आणि काकांनी वाचून दाखवलं होतं ते आठवून सांगितलं. डॉक्टर म्हणाले, हे सगळे बाप आहेत, आया कुठं आहेत?

"पापा," तिनं विचारलं, "मैनेची आई कोण?"

"विचारून सांगतो," काका म्हणाले.

त्यांनी चुलत्यांना फोन लावला तेव्हा मी स्वयंपाकघरात भाकरीचं ताट ठेवत होते. स्पीकर चालू होता.

"मैनेची आय? चांदी."

"आणि बाजीची?"

"चांदीच की. आरं दोघंबी एकीच्याच पोटची. तुला ठावं न्हाई व्हय?"

"तुम्ही सांगितलं नाहीत, तात्या."

"तू इचारलंस कुठं? तू बाप इचारलास, म्या बाप सांगितलं."

"चांदीची आई कोण?"

"ती बी घरचीच. आता तिचं नाव कुणाला आठवतंय?"

त्या दिवशी त्यांनी भाकरी मोजली नाही आणि खाल्लीही नाही.

जानेवारीत स्वाती ओटोला घेऊन आली. तो भिंतीला अंग घासत चालायचा. तिनं मलाही बसायला सांगितलं, बहुधा एकटीला बोलवेना म्हणून. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू बोलली.

"त्या बाईंना तू खोटं लिहू दिलं नाहीस, हे मला फोनवर किती अभिमानानं सांगितलंस. पण तुझा खरा कागदही अर्धाच होता." मग तिनं भिंतीवरच्या फ्रेमकडे पाहिलं. "तुझ्या आईचं नाव काय?"

"काशीबाई."

"तिच्या सासूचं?"

सात पिढ्यांच्या कुत्र्यांची नावं गावांसकट सांगणाऱ्या माणसाला आपल्या आजीचं नाव सांगता येईना. "आम्ही तिला माईच म्हणायचो," ते पुटपुटले.

"आईला पोचवायला तुला पुतण्या लागला," स्वाती म्हणाली. "मी तिथंच बसले होते, पापा."

एवढं बोलून ती उठली. पुढच्या रविवारी अकराला फोन पुन्हा वाजून वाजून बंद पडला, आणि त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी.

काका आगगाडीनं एकेका पिल्लाच्या घरी गेले आणि आपल्या तोंडानं सांगून आले की पिल्लाचे आईबाप बहीणभाऊ आहेत, चूक माझी आहे, हवं तर परत घेतो. पाचांतली दोन आंधळी झाली, ओटो आणि सेल नावाच्या गावातल्या एका शिक्षक जोडप्याकडची. कोणी पिल्लू परत दिलं नाही. त्या शिक्षिका बाई रडल्या म्हणे, आणि मग त्यांनीच काकांना कॉफी करून दिली. मैनेचं ऑपरेशन करून त्यांनी पुन्हा पिल्लं व्हायची वाटच बंद केली. पांढरे कप खोक्यात भरून कुणालातरी देऊन टाकले. पणजोबा विचारणंही बंद झालं. एक दिवस माझ्यापुढं त्यांनी निळ्या फुलांचा मोठा कप ठेवला. इतकी वर्षं त्या कपावर माझा डोळा होता. त्या दिवशी मला तो चहा जाईना.

मग त्यांनी वंशावळ भिंतीवरून उतरवली. काच काढली, कंपास घेतला आणि प्रत्येक पुरुषाच्या शेजारी एक वर्तुळ काढलं, सगळी एका मापाची. स्वतःच्या नावाखाली रेघ ओढून आणखी एक. ही बायकांची जागा. आणि नावं भरायला सुरुवात कुठून? वरून. मूळ पुरुषाच्या बायकोपासून. त्यांनी गावाकडं पत्रं लिहिली, फोन केले. तिकडून उलट प्रश्न यायचा, "बाईचं नाव कशाला पायजे?" चुलत्यांना काही आठवत असेल म्हणून त्यांच्यामागं लागले, तर त्या पावसाळ्यात चुलतेच गेले.

"काका, आधी खालची तरी लिहा," मी किती वेळा म्हटलं. "काकूंचं लिहा, स्वातीचं लिहा. फोटो काढून तिला पाठवते मी."

"क्रमानं जाऊ. खालची तर ठाऊकच आहेत, ती कुठं पळून चाललीत?"

एकदा मी खरंच भांडले. आवाज चढवून म्हटलं, "अहो, तिला सातव्या पिढीतली बाई नकोय, तिला फक्त ती स्वतः हवीय!" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेन्सिलीचं टोक तपासलं आणि म्हणाले, "अर्धवट काय पाठवायचं? एकदा पाठवलाय की अर्धा कागद."

असं दोन वर्षं चाललं. मग एका हिवाळ्यात त्यांना न्युमोनिया झाला. दहा दिवस रुग्णालयात होते. ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून त्यांनी मला विचारलेलं शेवटचं काही आठवतं ते हेच, "गावाकडून काही कळलं का?" स्वातीला मी दहाव्या दिवशी कळवलं, कारण त्याआधी त्यांनीच मला कळवू दिलं नव्हतं. ती पोचली तेव्हा सहा तास उशीर झाला होता. या वेळी पुतण्या कोणी बोलावला नाही. पिंड तिनंच केले, पुढं काय करायचं ते मला विचारत विचारत.

आठवड्यानं ती घर आवरायला येणार होती. त्या सकाळी मी मैनेला खायला घालायला खाली गेले. फ्रेम टेबलावर तशीच उघडी, शेजारी पेन्सिल. पंधरा वर्तुळं, सगळी रिकामी. मी खुर्ची ओढली, आणि खालच्या दोन वर्तुळांत, काकांसारखा जमेल तितका हात कापवून, आधी "सुलभा" लिहिलं आणि मग "स्वाती". काच बसवली आणि फ्रेम जागेवर टांगली.

ती दुपारी आली. ओटोनं मैनेला वासानं ओळखलं आणि तिच्या कुशीला जाऊन पडला. स्वाती फ्रेमखाली उभी राहिली. तिला देवनागरी वाचता येत नाही. "वो बिन इश?" तिनं विचारलं, पण माझ्याकडे न बघता.

मी बोट ठेवलं. "ही तू. आणि ही, पापांच्या शेजारी, तुझी आई."

"पापानं लिहिलं?"

"हो."

तिनं काचेवरून त्या अक्षरांवर बोट फिरवलं. माझ्या अक्षरातला एक पुठ्ठा तिच्या घरी आहे, तेव्हा तिनं ओळखलं असेल की नाही, मला ठाऊक नाही. तिनं फ्रेम मैनेच्या घोंगडीत गुंडाळली, गाडीत ओटोशेजारी ठेवली आणि फ्रेमला सीटचा पट्टा लावला.

खोटा कागद घरात नको म्हणणाऱ्या माणसाच्या घरातून मी त्याच्या लेकीच्या हातात एक खोटा कागद दिला. त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं, की तो खरा व्हायला काकांना फक्त दोन अक्षरं लिहायची होती.